अस्वलांच्या राजाला पदर

भाकरी करपल्याचा वास आला की मला अस्वलांचा राजा आठवतो. धरणगावला मी नवी सून होते आणि ओसरीवर भाड्याचा व्हिडिओ आणून कार्टूनचा सिनेमा लावला होता. सासऱ्यांसमोर सुनेनं बसायची रीत नव्हती, म्हणून चूल सोडून दाराआडून बघत होते. कुणीतरी हातानं काढलेलं ते रान चक्क श्वास घेत होतं, पानावरचा थेंब थरथरत होता. माझी पापणी लवेना. इतक्यात पांढऱ्या दाढीचा अस्वलांचा राजा आला, आणि समोर वडीलधारं माणूस उभं राहावं तसा मी बावळट बाईनं झटकन नाकापर्यंत पदर ओढला. सासरे खो खो हसले. "वं बाई, ते चितर शे! ये, पुढे बठ." मी पुढे बसले, भाकरीचा कोळसा झाला. आता नातीबरोबर तोच सिनेमा बघते, राजा आला की हात खांद्याकडे जातोच. पण गाऊनला पदर कुठून आणू?