पाणी बघायला

लहानपणी आमच्या चौलच्या वाडीतल्या रहाटात माझा पाय अडकला आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. हाडवैद्याने ते चांगलं बसवलं. पुढच्या पावसाळ्यात मी पूर्वीसारखी धावू लागले, पण गावाच्या तोंडी मात्र लंगडतच राहिले. लग्नाचं वय झालं तेव्हा ही कीर्ती माझ्याआधी मुलाच्या घरी पोचायची. दोन स्थळं मला न बघताच फिरली.

म्हणून तिसऱ्या खेपेला वडिलांनी युक्ती काढली. मुंबईचा मुलगा आणि त्याची आई रेवसला बोटीतून उतरून आमच्याकडे मुक्कामाला आले, तेव्हा वडील सहज बोलल्यासारखं म्हणाले, "डोंगराखाली नवा तलाव बांधलाय. उद्या पाणी बघायला जाऊ. वर देवीचं देऊळ आहे, पायवाटही बरी आहे." मुलगी चालवून दाखवतो, असं काही सभ्य माणूस उघड म्हणत नाही. मुलाच्या आईलाही पाण्याची एकाएकी गोडी लागली.

सकाळी दशम्या, दह्याचं गाडगं आणि शहाळी घेऊन छकड्यातून निघालो. मुलगा नव्या पंपशूंवरची धूळ झटकत, आपण मुंबईत ट्रामचं तोंडही बघत नाही, सगळीकडे पायीच जातो, असं वडिलांना सांगत होता. आई माझ्या कानाशी लागली होती, "सावकाश चाल. पाऊल सरळ टाक. आणि खाली बघ."

बांधावर पोचल्यावर सगळे "वा, काय पाणी!" म्हणायचे आणि माझ्या पायांकडे बघायचे. मुलाच्या आईने तर लाजच सोडली. "बाळ, ते पिवळं फूल आण बघू," म्हणाल्या. आणलं. मग पलीकडचं पांढरं हवं झालं. तेही आणलं. एकही फूल त्यांनी नाकाला लावलं नाही. मी बांधावर इतक्या येरझारा घातल्या की शेवटी गाडीवानाने वडिलांना विचारलं, "ताईंचं काय हरवलंय व्हय?"

माझं डोकं फिरलं. देवळाची वाट लागताच मी पदर खोचला आणि चालू पडले. बघायचंय ना, मग बघा म्हटलं पोटभर. करवंदीच्या जाळ्या, घसरडी खडी, मधला कातळ, सगळं मागे टाकून देवीपुढे जाऊन बसले. बराच वेळ कोणीच आलं नाही. मग खालून वडिलांच्या हाका ऐकू आल्या.

उतरून बघते तो दुसऱ्याच वळणावर मुलगा पाय धरून बसलेला. तोंड आमसुलासारखं झालेलं. पंपशू घसरला होता आणि पाय मुरगळला होता. एका बाजूने वडील, दुसऱ्या बाजूने गाडीवान, अशी त्याची वरात खाली निघाली. तो असा काही लंगडत होता की तसं मी जन्मात कधी लंगडले नव्हते. हसू दाबून दाबून माझे गाल दुखले. "नाजूक प्रकृती हो त्याची, अगदी लहानपणापासून," त्याची आई कौतुकाने सांगत होती.

दुःखात असूनही दोघांनी दशम्या संपवल्या. छकड्यात बसताना त्या बाईंनी निकाल दिला. "मुलगी पायाने उत्तम आहे हो, आमचा संशय फिटला. पण आमच्या मुंबईत दोन खोल्या. एवढी चालणारी मुलगी तिथे मावायची कशी? आणि पुरुषमाणूस मागे राहिला तरी ही वळूनसुद्धा बघत नाही!"

वडील तलावाच्या काठी बसून दह्याचं रिकामं गाडगं उगाचच धूत राहिले.

घरी आल्यावर आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "जरा लंगडली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, आणि तिचं तिलाच रडू आलं.

मग मीही रडले. तो पंपशूवाला मला नकोच होता. पण पायात खोट आहे असं लोक म्हणत होते तोवर, ते एक दिवस खोटं ठरेल आणि माझं सगळं सुरळीत होईल, ही आशा तरी होती. आता मी धडधाकट असल्याचं सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरीही मी नको होते.