डावा आठ, उजवा पाच

शिवणकाम करणाऱ्या आत्याचा डावा पाय जन्मापासूनच सुजलेला. दुखत नाही, खुपत नाही, नुसता जागा अडवतो. डॉक्टर म्हणाले, हे पिढीजात आहे आणि फार विरळा. ‘विरळा’ ऐकून आत्या उलट खूश झाली. घरात दुसरं विरळा होतंच काय! तिच्या भावाचे दोन्ही पाय सडपातळ, पण पठ्ठ्याने माल बरोबर पुढे पोचवला. त्याची मुलगी जन्मली तीच उजवा पाय टम्म फुगवून.

भाऊ रडायला बसला. आत्या म्हणाली, “रडतोस काय मेल्या? माझा डावा, हिचा उजवा. बुटांचा प्रश्न सुटला!”

आणि खरंच सुटला. पोरीची वाढ पुरी झाल्यापासून दुकानातून एकाच घाटाचे दोन जोड यायचे, एक पाच नंबरचा, एक आठचा. आठचा डावा नि पाचचा उजवा आत्याला, उरलेले दोन भाचीला. वाया काही नाही. फक्त दोघींना पसंत पडणारा बूट जगात नव्हता, म्हणून दर खरेदीला जुंपायची. रोज सकाळी एकमेकींच्या पायाला सूज आवरणारे दाबपट्टे आवळतानासुद्धा तोंडं चालूच.

मग भाचीला परगावी नोकरी लागली. या वेळी आत्याने भाचीने निवडलेल्या लाल बुटांना मुकाट्याने होकार दिला. पन्नाशीची बाई आणि लाल बूट! पण तिचं लक्ष बुटांत नव्हतंच. ही गेली की पट्टा कोण बांधणार, भांडायचं कुणाशी? आदल्या संध्याकाळी तिने गुपचूप आपला जोड भाचीच्या खोक्यात घातला आणि भाचीचा आपल्या. येईल की झक मारत रविवारी बूट बदलायला!

सकाळी भाची जुने बूट घालून, खोकं बॅगेत टाकून निघाली. दार लागलं मात्र, आत्याचं मन तिला खायला लागलं. पोरगी नव्या नोकरीवर माझ्या बुटांत कशी जाईल? मी आत्या की वैरीण! घरातलं खोकं न उघडताच उचललं आणि पाय ओढत तिने बसस्टँड गाठला. बस सुटत होती.

“खोकं बदल! गाढवपणा झाला माझा, विचारू नकोस!”

भाचीने खिडकीतून बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि निमूट खोकं बदललं.

घरी येऊन आत्याने ते उघडलं, तर आत भाचीचाच जोड. म्हणजे तिचा जोड गेला बसमधून! संध्याकाळी फोन आला.

“आत्या, तुझी चोरी मी सकाळीच पकडली होती. बूट पुन्हा आपापल्या खोक्यात घालूनच निघाले होते.”

“मग खिडकीत दातखीळ बसली होती का, गधडे?”

“बोलले असते, तर रविवारी यायला निमित्त काय होतं? जुन्या बुटांवर आठवडा काढते.”

आत्याने भाचीचा जोड पुन्हा खोक्यात जपून ठेवला. मग ती खेकसली, “ये. पण पुढचे बूट तपकिरीच घ्यायचे!”