बरोबर असेल, पण उत्तर नाही

श्रीरामपूरहून जामखेडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेले, तेव्हा मी नुकतीच बी.एड. झाले होते. दुष्काळाची वर्षं होती. नववीतली बरीच मुलं सुट्टीच्या दिवशी आईबापांबरोबर खडी फोडायला जात आणि सोमवारी हाताला फोड घेऊन वर्गात बसत.

इंग्रजी शिकवायची तिथली रीत ठरलेली होती. धडा मराठीत सांगायचा, उत्तरं फळ्यावर लिहायची, मुलांनी ती उतरवून पाठ करायची. मुलं उत्तरं धडाधडा म्हणून दाखवत. प्रश्नातला एक शब्द बदलला की सगळा वर्ग गप्प. मी सांगून टाकलं, "उत्तरं मी देणार नाही. जोडीनं बसा, धडा वाचा, प्रश्नसुद्धा तुम्हीच काढा."

कुणी हललं नाही. बाजारपेठेतल्या शिंप्याची मुलगी पुढच्या बाकावर बसायची. ती म्हणाली, "बाई, आमचं चुकंल की."

"चुकू दे."

"मग मार बसंल."

"मी मारणार नाही."

त्यावर मागची पोरं हसली. न मारणारी बाई काय शिकवणार, असं त्यांना वाटलं असावं.

मग मी घरातली इंग्रजी छापलेली कुठलीही वस्तू आणायला सांगितली. औषधाच्या बाटल्या आल्या, मदतीच्या दूध पावडरीची पोती आली. शिंप्याच्या मुलीनं शिलाई मशिनीबरोबर आलेला माहितीचा कागद आणला. शाळेत डिक्शनरी एकच, तीही हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात. ती मागायला गेलं की ते म्हणत, "पोरं पानं फाडतात, बाई." दर वेळी किल्लीसाठी हुज्जत. तरीही त्या मुलीनं कागद नेटानं वाचला आणि एक दिवस उभी राहून विचारलं, "बाई, व्हाय नीडल इज ब्रेकिंग?" वाक्य चुकलेलं होतं, पण तिचं स्वतःचं होतं. त्या दिवशी मी खुशीत घरी गेले.

सहामाहीचे पेपर शाळेतल्या जुन्या सरांनी तपासले. ज्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं, त्यांच्या उत्तरांवर लाल रेघा. शिंप्याची मुलगी नापास. मी तिचा पेपर घेऊन सरांकडे गेले.

"सर, हे उत्तर बरोबर आहे की."

"बरोबर असेल. पण हे उत्तर नाही. बोर्डाचा परीक्षक तुमच्यासारखा हौशी नसतो, बाई."

हेडमास्तरांनी तर मलाच समोर बसवलं. "पोरं खडी फोडून शिकतायत. मॅट्रिक झाली तर कुठं तरी चिकटतील. त्यांना तुमच्या प्रयोगाला कशाला जुंपता?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, याचाच जास्त संताप आला.

तशीच वर्गावर गेले. "कसं शिकायचं ते आता तुम्हीच ठरवा," म्हटलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मुलं खरोखरच बोलायला लागली. वाद घातले, एकमेकांना गप्प केलं, हात वर करून मतं घेतली. इतके महिने मी ज्याची वाट पाहत होते, ते माझ्या पाठीमागे चाललं होतं.

शेवटी शिंप्याची मुलगी उठली. "बाई, आमी ठरवलंय. तुमी फळ्यावर उत्तरं लिहा."

"तुझंही हेच मत?"

"व्हय. परत नापास झाले तर घरी बसवतील मला."

मी खडू उचलला आणि पहिल्या धड्यापासून उत्तरं लिहायला घेतली. मागे सगळ्या माना खाली, नुसती उतरवून घेण्याची घाई. कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. मी ठरवा म्हटलं होतं आणि त्यांनी ठरवलं होतं.

वार्षिक परीक्षेत वर्ग चांगला पास झाला, ती मुलगीही. हेडमास्तरांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. तीच वेळ साधून मी म्हटलं, पुढच्या वर्षी शनिवारचा शेवटचा तास तरी मुलांच्या मनाप्रमाणे चालवू द्या. ते म्हणाले, "बघू."

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. शनिवारच्या त्या तासाला कवायत होती.