विसावं वाक्य

कवडू बारापात्रे सक्करदऱ्याचा विणकर. लढाईच्या काळात पलटणीच्या लंगरात डाळ-रोटी शिजवत तो इटलीपर्यंत गेला आणि एका खेड्यात वर्षभर राहून तिथली भाषा नुसती ऐकून शिकला. परत आल्यावर पुन्हा माग आणि पुन्हा लुगडी. ती भाषा बोलायची तरी कुणाशी?

पण पंचावन्न साली एका सूतगिरणीत इटलीची यंत्रं आली. ती बसवायला मार्को नावाचा फिटर आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून साहेबांनी कवडूला बोलावून घेतलं. कवडू रोज इस्त्रीचा सदरा घालून जाऊ लागला. दुपारी मार्कोबरोबर डबा खायचा, आणि वस्तीत कुणी ‘इटालीवाले’ म्हणून हाक मारली की मुद्दाम सावकाश वळून पाहायचा.

मग ऑफिसात पुष्पलता आली. पारशिवनीच्या मास्तरांची मुलगी, बी.ए. झालेली. तिनं इटालियनची डिक्शनरी मागवली आणि तीन महिन्यांत मार्कोशी थोडंफार बोलू लागली. मार्को तिला “ब्रावा, ब्रावा” म्हणायचा. कवडूला तो आजवर असं कधीच म्हणाला नव्हता. त्या दिवसापासून कवडूला डबा गोड लागेना. पोरगी नम्र होती, त्याला काका म्हणायची, त्याचा त्याला जास्तच राग यायचा.

पावसाळ्यानंतर साहेबांनी तिला एक कागद दिला. मुकादमांना मार्कोशी बोलताना रोज लागणारी वीस वाक्यं त्यावर इंग्रजीत होती. सगळी काम संपण्याची: आजच्यापुरतं बस, सूत संपत आलं, एवढं उरकून घ्या, अर्धवट सोडू नका. त्यांचं इटालियन लिहून भिंतीवर लावायचं होतं. डिक्शनरी प्रत्येक ठिकाणी एकच शब्द देत होती, आणि तो मार्कोसमोर बोलला की तो नुसता भुवया उंचावायचा. म्हणून ती वही घेऊन कवडूकडे आली. ती मराठीत अर्थ सांगायची, तो इटालियन सांगायचा, ती लिहून घ्यायची.

बारा वाक्यं झाली आणि कवडूला एकदम दिसलं, की आपल्या तोंडातली एकेक गोष्ट त्या वहीत जाऊन बसते आहे. वही भरली की आपलं काम काय? तेराव्या वाक्याला तो म्हणाला, आठवत नाही. चौदाव्यालाही तेच. घरी त्यानं बायकोला, जयवंताला, हे सांगितलं. ती चुलीपुढून म्हणाली, “साता समुद्राची भाषा शिकून आले, अन् मन मुठीएवढंच राह्यलं तुमचं.”

तिसऱ्या दिवशी पुष्पलतेनं वही मिटली.

“काका, तुम्हाले सारं येते. तुम्ही सांगून नाही राहिले.”

“सारं वहीत गेलं, तं मले कोन ठेवते इथं?” कवडूनं सरळ विचारलं.

तिनं मिटलेली वही बाजूला ठेवली. मग म्हणाली, “मी बोलली का तो उत्तर देते. तुम्ही बोलले का तो हासते. तुमच्या दोघांचं हासणं ऐकून माझा किती जीव जळते, तुम्हाले काय माहीत?”

आपला कुणी हेवा करावा, हे कवडूच्या उभ्या जन्मात घडलं नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं एका दमात सात वाक्यं सांगून टाकली. विसाव्याला मात्र तो अडला. रेंगाळलेलं काम एकदाचं हातावेगळं झालं, की बोलायचं ते वाक्य होतं. त्या खेड्यातली म्हातारी भट्टीतून शेवटचा पाव काढून कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, ‘ए आंके क्वेस्ता ए फात्ता.’ चला, हेही झालं बाई. मागावरून लुगडं उतरवताना कवडू आजही मनात तेच म्हणायचा. हे तरी आपल्याजवळ राहावं, असं त्याला वाटलं. पण पोरगी पेन्सिल धरून थांबली होती. त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चौथं यंत्र सुरू झालं आणि पुष्पलतेनं मार्कोला ते वाक्य ऐकवलं. मार्कोनं हातातला पाना खाली ठेवला आणि खदखदून हसला. दारात उभ्या कवडूचा जीव पुन्हा जळला. आपल्याच हातानं दिलं आपण. आणि बोलली तरी कसं, पाटी वाचावी तसं.

त्याला राहवेना. दारातूनच तो म्हणाला, “तसं नाही, बाई. आधी श्वास सोडा. थकल्यावानी.”

तिनं श्वास सोडला आणि पुन्हा म्हटलं. मार्को दोघांकडे पाहून आणखीच हसला.

“अजून नाही जमलं,” कवडू जवळ येत म्हणाला, आणि त्यानं तिला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं.