गाठोड्यातला कद

नवऱ्याच्या गाठोड्यातून मी त्यांचा रेशमी कद काढून लपवला, हा मूर्खपणा आधीच कबूल करते. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझा संशय साठीचा होता. हे कल्याणहून नाशिकला एकटे निघाले, तेही नव्या पायगाडीवर. सरळ आगगाडी असताना माणूस घाम गाळत दोन चाकांवर कशाला जाईल? त्यात आदल्या दिवशी हजामत, आणि गाठोड्यात कद. कद नेसून बोहल्यावर उभं राहतात, एवढंच मला सुचलं. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणजे हे सवत आणायला निघाले.

पहाटे ते शहाडच्या बाजूला दिसेनासे झाले, तसा मी मोठ्या दिमाखात कद सासूबाईंपुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“अगं, तो मीच बांधून दिला होता. संध्याकाळी शहापूरला ओळखीच्यांकडे उतरेल, तिथे सोवळ्यात जेवायला नेसणार काय? आता ओला पंचा गुंडाळून पंगतीला बसेल, आणि याच्याकडे बघणारं घरात कुणी नाही असं समजून तेच लोक त्याला मुलगी दाखवतील.”