पंधरा दिवस पेण, पंधरा दिवस रोहा

एका पंधरवड्यात अनिता मोकल एका मुलीला घेऊन पेणहून रोह्याला जातात आणि पुढच्या पंधरवड्यात तिलाच परत आणतात. चार वर्षं झाली. मुली बदलल्या, गाडी तीच.

कामाचं नाव समन्वयक. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडलेल्या आणि जायला घर नसलेल्या मुलींसाठी पेणची एक संस्था आणि रोह्याची एक संस्था एकत्र आल्या. दोन्हीकडचा निवारा तात्पुरता; एका वेळी पंधरा दिवस, त्याहून जास्त नाही. मग कुणीतरी बैठकीत सुचवलं, मुलगी आलटून पालटून ठेवू. नियमही मोडत नाही, मुलगीही रस्त्यावर येत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनितांनीही वाजवल्या. मिठागरात डोक्यावरून मीठ वाहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. हे त्यांना बसून करायचं काम वाटलं होतं.

सध्याची मुलगी दिपिका. पेणला असली की महिपती ठाकुरांच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारते. तिचा हात हलका आहे हे पाहून महिपतींनी तिला डोळ्यांची आखणी शिकवायला घेतली होती. कारखान्यात हे काम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण रविवारी अनिता तिथं गेल्या तेव्हा ते वैतागलेले होते.

"मोकल मॅडम, ही पोर हाय का पॅसेंजर? हात बसायला लागला की तुम्ही उचलून नेता."

"नियम हाय, भाऊ."

"असंल. पण डोळे आखायला रोजचा हात लागतो. उद्या रोह्याला गेली तर परत पाठवू नका. मी दुसरी बघतो."

उद्या पंधरावा दिवस होता.

अनितांनी फोन लावायला सुरुवात केली. पेणच्या सचिव म्हणाल्या, "एकीला सवलत दिली की सगळ्यांना द्यावी लागते हो." रोह्याच्या संस्थेचा व्यवस्थापक आदेश म्हणाला, "ताई, खाट राखून ठेवलीय. पुढच्या संयुक्त बैठकीत विषय घेऊ ना." बैठक महिनाअखेरीला. सगळे गोड बोलले. कुणाचंच चुकत नव्हतं, आणि त्यामुळे भांडायलाही कुणी सापडत नव्हतं.

संध्याकाळी दिपिका निवाऱ्याच्या नळावर हातांना चिकटलेलं मूर्तींचं प्लास्टर खरवडत बसली होती. अनिता बाजूच्या पायरीवर टेकल्या.

"ताय, मी गिरजाबाईंकडं राहू?"

गिरजाबाई त्याच कारखान्यात साचे भरतात. कारखान्यामागच्या एका खोलीत एकट्या असतात.

"त्यांनी सांगितलं तसं?"

"व्हय. म्हनल्या, भांडी घासायची आन् टीव्ही बघताना मधे बोलायचं नाय."

"गेलीस तर यादीतनं नाव कापतील गो. उद्या त्या बाईशी भांडलीस तर परत घेनार नायत कोन."

"भांडू की मग. इथं तर भांडायच्या आत गाडी येते."

अनितांना हसू आलं, पण ते पुरतं हसायचाही कंटाळा आला. चार वर्षांत किती मुलींची किती कामं सुटली, ते त्यांनी कधी मोजलं नव्हतं. फॉर्ममध्ये ते विचारलेलं नव्हतं.

"सकाळच्या गाडीला स्टेशनात ये," त्या उठताना म्हणाल्या. "नाय आलीस तर मी शोधायला येनार नाय."

सोमवारी गाडी आली तेव्हा फलाटावर दिपिका नव्हती. अनिता एकट्याच चढल्या.

रोह्याला आदेशने रजिस्टर उघडून ठेवलं होतं. "मुलगी कुठाय?"

"आली नाय."

"मग तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? फोन करायचा."

"तुम्हाला सही लागते ना."

त्याने पेन उघडलं. "कारण काय लिहू? पळून गेली, नातेवाइकांकडे गेली, लग्न झालं. तीनच आहेत."

"कामासाठी राहिली."

"असा रकाना नाही, ताई."

"मग बाजूला लिहा."

त्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं आणि यादीतल्या नावावर रेघ मारली. अनितांनी रेघेखाली सही केली. आता दिपिकाचं गिरजाबाईंशी फिसकटलं, तर या दोन्ही संस्थांत तिला जागा नव्हती.

"खाट मोकळी झाली म्हणायची," आदेश म्हणाला. "जिते गावातली एक मुलगी आहे. गुरुवारी आणाल?"

"ती कुठं कामाला जाते काय?"

"विचारलं नाही."

"कुनी तरी विचारलं आसंल."

आदेशने फाईल चाळली. दोन्ही संस्थांचे शिक्के होते, चार सह्या होत्या, मुलीचा फोटोही होता.

"नाही," तो म्हणाला.

"मग खाट गुरुवारची धरू नका," अनिता म्हणाल्या. "मी आधी जित्याला जाऊन येते."

परतीची गाडी दुपारी होती. तोवर त्या तिथल्याच बाकावर बसून राहिल्या. आदेशने चहा मागवला.