भिवाजीकाकांचा तोंडी पुरावा

आमच्या भिंतीपलीकडचे भिवाजीकाका खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि थेट उपनिषदकाळात राहायला गेले. जेवायला तेवढे आमच्या शेलू गावात येतात. उपनिषदं बुद्धाच्या कितीतरी आधीची, आणि ग्रीक तत्त्ववेत्ते म्हणजे कालची पोरं, हे त्यांचं ठाम मत.

ते खोडायला बुधाजीकाका रोज संध्याकाळी ओट्यावर हजर. दोघं पहिलीपासून एका वर्गातले.

"आधीची कशावरनं? लेखी दाखव," बुधाजी म्हणायचे.

"लिवलं मागनं रं. तोंडपाठ आधीच व्हतं. तोंडी परंपरा बी पुरावाच हाय."

"तोंडाचं तुझ्या काय, ते बंदच होत नाय."

मग गावात वाचनालय उभं राहिलं. सगळ्यांत वयस्कर वाचकाने फीत कापायची ठरली. गावात म्हातारे वाचक हे दोघंच. भिवाजीकाकांनी लगेच नवा सदरा शिवायला टाकला. हे काकूंनीच सांगितलं. मी काही कुणाच्या घरात डोकावत नाही.

अडचण एवढीच की दोघांचीही जन्मतारीख एक जून, सालही तेच. मास्तरांनी शाळेत नाव घालताना अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्माला घातला होता.

मी आपलं सहज चंद्राबाईंना ओट्यावर बोलावलं. या भिवाजीकाकांच्या थोरल्या बहीण, नव्वदीच्या.

"भिवा पाळण्यात व्हता," त्या म्हणाल्या, "तवा बुधा बांधावरनं पळत व्हता."

"बाईच्या आठवणीचा काय भरवसा?" काका उसळले. "लेखी दाखवा."

"तोंडी परंपरा हाय रं," बुधाजी मिशीत हसले.

काकांची पंचाईत झाली. फितीचा हट्ट धरावा तर तोंडी पुरावा बाद, आणि उपनिषदं तरुण होत होती. मी मुद्दाम विचारलं, "काका, सदऱ्याचं काय मग?" काका उठून घरात गेले.

उद्घाटनाला काका तोच सदरा घालून आले आणि कात्री बुधाजींच्या हातात ठेवली.

"तू मोठा. काप. तोंडी पुरावा मला मान्य हाय."

बुधाजींनी कात्री उघडली आणि तशीच धरून उभे राहिले. मग मिटून परत दिली.

"मला लेखी लागतं. तूच काप."

कात्री बराच वेळ इकडून तिकडे फिरली. शेवटी चहा निवायला लागला तसे लोक फितीखालून वाकून आत शिरले.

फीत अजून तशीच आहे. दोघं रोज गुडघे धरून तिच्याखालून जातात. कालच दारात ऐकलं.

"जा तू आधी, मोठा हायेस."

"कशावरनं?"